कुरकुरीचा इतिहास

तेल म्हटलं की लातूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे करडई येते. त्याला कोणाचा इलाज नाही. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्याने आत शिरा, तेलाचा डबा कुठे ना कुठे आडवा येणारच. नांदेडच्या माणसाचं तसं नाही. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला थेट पंजाबातून गाड्या येणार, हैदराबादकडचे ट्रक रात्रंदिवस धावणार. तिथे तेल म्हणजे गाडीचं तेल. मी जन्माने लातूरचा आणि नोकरीने नांदेडचा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा निघाला, त्याच सुमारास मीही जगात आलो. तेव्हापासून आम्ही दोघं बरोबरीने वाढतो आहोत. फक्त विकास त्याचा जास्त झाला.

या दोन तेलांतला फरक आपल्या भाषेने फार चोख सांभाळला आहे. स्वयंपाकघरात असतं ते तेल आणि गाडीत असतं ते ऑइल. भज्यांना ऑइल लागत नाही आणि मोटारसायकलला तेल लागत नाही. गाडी साहेबाची, म्हणून तिचं खाणंपिणंही साहेबाच्या भाषेत.

या ऑइलचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा होता. पण इतिहासाची प्राध्यापक मंडळी लढायांत गुंतलेली. अमुक तोफ तमुक किल्ल्यापर्यंत ओढत नेली, असं ती सांगतात. त्या तोफगाड्याच्या चाकाला वंगण कोणी घातलं आणि किती कोसांनी घातलं, याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा हे काम कॉमर्सवाल्याच्या अंगावर येऊन पडलं. आम्हाला लढाईत कोण जिंकलं यापेक्षा खर्च किती आला, याचं कुतूहल जास्त.

सुरुवात बैलगाडीपासून करायला हवी. गाडीच्या साट्याखाली वंगणाचं एक भांडं लोंबकळत असे. कुठे बांबूच्या कांड्याचं, कुठे शिंगाचं, कुठे नुसता डबा. आत एरंडेल किंवा घाण्याच्या तळचं तेल आणि त्यात बुडवलेली चिंधी. चाक उतरवायचं, आखाला ती चिंधी फिरवायची, चाक चढवायचं, खीळ ठोकायची आणि बैलांना हाक द्यायची. कोणतं तेल घ्यावं यावर चर्चा नाही. घरात जे खाण्याच्या लायकीचं उरलं नाही, ते चाकाला.

आणि किती दिवसांनी? इथेच त्या काळाचं शहाणपण आहे. चाक कुरकुरलं की! गाडीवान झोपेत असला तरी चाक त्याला उठवायचं. दोन शिवारांपलीकडच्या माणसाला कळायचं, की पाटलाच्या गाडीत वंगण संपलेलं आहे. म्हणजे लाजेखातर का होईना, तेल घालावंच लागे. कुरकुर करणाऱ्याकडे आधी लक्ष जातं, हे तत्त्व आमच्या बँकेतही चालतं. गप्प बसणाऱ्याचं पासबुक दुपारी भरलं जातं.

पुढे रेल्वे आली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला पोचली आणि १९११ साली लातूरला. रूळ अडीच फुटांचे. गाडी लहान असली तरी इंजिनाचा मान मोठा. स्टेशनात गाडी थांबली, की ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन खाली उतरणार आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यांत तेल सोडणार, जसा एखादा भटजी पळीने पाणी सोडतो तसा. इथे कुरकुरीची वाट पाहिली जात नव्हती. स्टेशन आलं की तेल, हा नियम. तेलाचा कारभार कानाकडून वेळापत्रकाकडे निघाला तो असा.

या वाफेच्या इंजिनाने एका डॉक्टरचंही आयुष्य बदललं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी डॉ. जॉन एलिस हे गृहस्थ खनिज तेलात काही औषधी गुण आहे का, ते शोधत होते. माणसाला त्या तेलाचा काही उपयोग होईना. पण इंजिनाला झाला! तोपर्यंत वाफेच्या इंजिनात जनावराची चरबी वापरत. ती उष्णतेने जळून व्हॉल्व्ह चिकटत. एलिससाहेबांनी १८६६ साली कंपनी काढली, आणि पुढे त्यांच्या तेलाला व्हॉल्व्हच्या नावावरूनच व्हॅल्व्होलिन हे नाव मिळालं. रोग्यांचं पुढे काय झालं, ते इतिहासाला ठाऊक नाही.

आपल्या एरंडेलानेही मान टाकली नव्हती. इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ साली तेलाची कंपनी काढली. १९०९ साली त्यांनी मोटारींसाठी जे तेल आणलं, त्यात एरंडेल होतं. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर म्हणतात, म्हणून तेलाचं नाव कॅस्ट्रॉल. म्हणजे बांधावरच्या एरंडाने विलायतेत जाऊन नाव काढलं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांत एरंडेलच असे. ते आत राहत नसे. धुरासोबत बाहेर फेकलं जाई आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. लहानपणी ज्याला रविवारी सकाळी एरंडेल पाजलं गेलं आहे, त्याला त्या वैमानिकांच्या शौर्याची खरी कल्पना येईल.

मग एरंडेल मागे का पडलं? वनस्पतीचं तेल तापून तापून शेवटी चिकट होतं. कढईच्या काठावर बसलेला तेलाचा पिवळा थर आमची ही दर दिवाळीनंतर खरवडते, तसा थर इंजिनात बसला तर खरवडणार कोण? करडईचं तर विचारूच नका. ते हवेने सुकतं, म्हणून रंगरोगणातसुद्धा घालतात. लातूरकरांनी मनाला लावून घेऊ नये, पण करडई भाकरीबरोबरच शोभते.

लातूरला आगगाडी आली, त्याच १९११ साली अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, तेल किती दाट असावं याचे पहिले नियम ठरवले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इतिहास लिहायचा म्हणजे अशा जोड्या लावाव्या लागतात.

आता निजामाच्या राज्यात येऊ, कारण आपलं नांदेड-लातूर १९४८ पर्यंत तिथेच होतं. जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने रस्त्यावरची मोटार वाहतूक सुरू केली, ती सत्तावीस बसगाड्या आणि १६६ नोकर यांच्यावर. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. मी भागाकार करून पाहिला. एका बसमागे सहा माणसं पडतात. त्यातला निदान एकजण तेलाकडे बघत असावा, असा माझा अंदाज. आणि बघायलाच हवं होतं. त्या वेळच्या तेलात काजळी धुऊन काढणारी द्रव्यं नसत, त्यामुळे पाचशे-हजार मैलांवर तेल बदलावं लागे. तेल गाळायची चाळणी, म्हणजे ऑइल फिल्टर, १९२३ साली अमेरिकेत निघाली, आणि धुणारी द्रव्यं १९३० च्या दशकाच्या मध्यापासून तेलात आली. तेव्हा कुठे तेलाचं आयुष्य वाढलं.

आमच्या घरात हा इतिहास बजाज चेतकवर बसून आला. चेतक निघाली १९७२ साली. त्याच वर्षी इंडियन ऑइलचं सर्व्हो हे तेलही बाजारात आलं. चेतक मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या अप्पांनी नंबर लावला तेव्हा ते ब्रह्मचारी होते. गाडी आली तेव्हा मागे बसायला आई आणि पुढे उभं राहायला मी, एवढी तयारी झालेली होती.

चेतक टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाचं ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जळून जायचं. प्रमाण साधारण शेकडा दोन टक्के. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिलिलिटर. पंपावरचा मुलगा दांड्याने दाबून ऑइल सोडायचा, त्यावर पेट्रोल ओतायचा, मग अप्पा स्कूटर दोन्ही बाजूंना हलवून ते मिश्रण करायचे. जास्त पडलं तर प्लग काळा, कमी पडलं तर पिस्टन जाम. शेकडा दोन या दराने आयुष्यभर कसं वागावं, हे मी व्याजाचं गणित शिकण्याआधी तिथे शिकलो. त्या निळ्या धुराने गावाच्या फुफ्फुसांचं काय होत होतं, ते तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

कोणतं ऑइल घ्यावं, हाही प्रश्न त्या काळी सरकारने सोडवून ठेवलेला होता. १९७४ साली एस्सो सरकारकडे आली, १९७६ साली बर्मा-शेल. पंपावर जे असेल ते सरकारी, आणि जे सरकारी असेल ते उत्तम. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी हंड्रेड आली. इथे ऑइल पेट्रोलमध्ये नाही, इंजिनाच्या पोटात. ते जळत नाही, दिसत नाही, आणि कुरकुरत तर मुळीच नाही. पुढे १९९० च्या दशकात बाजार मोकळा झाला, आणि जिथे एक डबा होता तिथे फळीभर डबे आले.

आज दुकानात उभं राहिलं की डब्यावरचे आकडे बघून बी.कॉम.चा पेपर आठवतो. २०-डब्ल्यू-४०, १०-डब्ल्यू-३०, ०-डब्ल्यू-२०. हा डब्ल्यू म्हणजे काय, असं मी एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘वजन.’ दुसऱ्याने वॉरंटी सांगितलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो. २०-डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात आणि ०-डब्ल्यूची शून्याखाली ३५ वर. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो आणि हिवाळा म्हणजे स्वेटरला ऊन दाखवण्याचे आठ दिवस. मग आपल्याला हा आकडा कशाला, असं वाटतं. पण सकाळी पहिली किक मारली की इंजिनाच्या वरच्या भागात तेल पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं, आणि पातळ तेल वर लवकर पोचतं. दुसरा आकडा शंभर अंशांवरचा दाटपणा सांगतो. बाहेर बेचाळीस अंश असोत की बारा, इंजिनातलं तेल चांगलं तापलं की शंभराच्या आसपासच जातं. म्हणून ‘आपल्याकडं ऊन लई, तवा दाटच पाहिजे’ हा आमच्या अप्पांचा सिद्धांत वरणाला लागू पडतो, ऑइलला नाही. नव्या इंजिनांच्या फटी बारीक. त्यांना पातळच तेल लागतं. ज्याने इंजिन बनवलं त्याने पुस्तिकेत आकडा छापून दिलेला असतो. ती पुस्तिका आपण आरसीबुकाबरोबर प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवतो आणि गाडी विकताना नव्या मालकाला कोरी करकरीत देतो.

आणखी एक. मोटारीचं उरलेलं ऑइल मोटारसायकलला चालतं असं समजू नये. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातल्या घसरट द्रव्यांनी तो घसरतो. गाडी ओरडते आणि जागची हलत नाही. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर ‘जासो एम.ए.’ ही जपानी खूण बघून घ्यावी.

आता बदलायचं कधी? देगलूर नाक्यावरचे आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांना मी हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘साहब, बैलगाडी रोती थी, तो तेल डालते थे. इंजन रोता नहीं. सीधा मरता.’ एवढ्या थोडक्यात मला हा इतिहास सांगता आला असता तर हा लेख इथवर लांबला नसता.

लोक रंगावरून ठरवतात. तेल काळं झालं, बदला. पण चांगल्या ऑइलचं कामच काजळी पोटात घेणं हे आहे. डिझेल गाडीत ते थोड्याच दिवसांत काळं होतं. आमच्या बँकेत ज्याच्या टेबलावर फायलींचा ढीग, तो काम करतो असं समजावं. ज्याचं टेबल स्वच्छ, त्याच्या फायली दुसऱ्याच्या टेबलावर असतात. खरी गोष्ट रंगाने कळत नाही. इंजिनात जळताना आम्ल तयार होतं. ते मारण्यासाठी तेलात अल्कली घातलेली असते. ती रोज थोडी थोडी खर्च होते, खात्यातल्या शिलकीसारखी. शिल्लक संपली तरी तेल डिपस्टिकवर तेवढंच दिसतं. पासबुक जाड आहे म्हणून खात्यात पैसे आहेत, असं थोडंच असतं!

आमच्या शाखेत येणारे एक ट्रकमालक मला म्हणाले, ‘दर आठवड्याला अर्धा लिटर वरून टाकतो की. मग बदलायचं कशाला?’ मी त्यांना म्हटलं, ‘मालक, हे व्याज झालं. मुद्दल कुठे फेडलंत?’ ते त्यांना लगेच पटलं, कारण त्यांचं कर्जखातं माझ्या समोरच उघडं होतं.

पुस्तिकेत आजकाल मोटारीसाठी बहुधा असं असतं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. माझी गाडी एरवी अंगणातच असते. महिन्यातून एकदा नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाऊन येते. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. वर्षाचे झाले तीन हजार सहाशे. दहा हजार भरायला पावणेतीन वर्षं लागतील. पण वर्ष मात्र वर्षातच भरतं. आणि घर ते बाजार असं दोन किलोमीटर चालवून बंद केलेली गाडी तर तेलाला जास्तच जड. इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेली वाफ उडत नाही, तिचं पाणी तेलात उतरतं. धूळ, उभ्या उभ्या चालू ठेवलेलं इंजिन आणि चिमूटभर फेऱ्या, यांना पुस्तिकेत खडतर वापर म्हणतात आणि मुदत कमी करायला सांगतात. मराठवाड्यात सगळं आयुष्यच खडतर वापरात मोडतं.

हे सगळं मी हौसेने सांगतो असं वाटेल. पण अहमदपूरच्या बाजूला एका शाखेत असताना माझ्या टेबलावर ट्रॅक्टरच्या कर्जाच्या फायली असत. ट्रॅक्टरचं तेल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. त्या शेतकऱ्याच्या पुस्तिकेत अडीचशे तास लिहिलेले होते. त्याच्या ट्रॅक्टरचं तासांचं मीटर दोनशे अडतीसवर बंद पडलं. माणूस सरळ. अडीचशे भरले की तेल बदलायचं, हे त्याच्या पक्कं ध्यानात. रोज मीटर बघायचा. रोज दोनशे अडतीसच. उन्हाळाभर स्वतःचं नांगरलं, भाड्याने दुसऱ्यांचं नांगरलं, आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला त्या दिवशी इंजिन जागच्या जागी जाम झालं.

तेलाला दोन-अडीच हजार लागले असते. दुरुस्तीचं बिल पन्नास हजारांच्या वर गेलं. पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत ओल उडाली, आणि आमचा हप्ता थकला. नोटीस टाइप करणारा मीच. सही घ्यायला तो समोर बसला आणि मला म्हणाला, ‘साहेब, मीटर तर अजून भरलंच नव्हतं.’ त्याच्या आजोबाला कोणी तास मोजायला लावले नव्हते. त्याचं चाक कुरकुरत होतं.

त्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या कर्जाचा कागद देताना मी हप्त्यांच्या तारखांखाली पेन्सिलने तेलाच्याही तारखा लिहून देत असे. मॅनेजरांनी एकदा विचारलं, हे कोणत्या परिपत्रकात आहे? मी म्हटलं, वसुलीच्या.

तेल बदलल्यावर जुन्याचं काय, हाही एक इतिहासच. मोटारीतून निघालेलं जळकं ऑइल सेंट्रिंगच्या पाट्यांना लागतं, वाळवीसाठी दारांच्या चौकटींना लागतं, आणि गावाकडे अजून एखाद्या गाडीच्या आखालाही लागतं. कायद्याने आता ते घातक कचऱ्यात मोडतं; विहिरीच्या किंवा नाल्याच्या आसपास तर ओतूच नये. नव्या ऑइलचा डबा रिकामा झाला की चाचा स्क्रू-ड्रायव्हरने त्याला गिऱ्हाइकासमोर भोक पाडतात, म्हणजे त्यात कोणी जुनंच भरून पुन्हा विकू नये. गिऱ्हाईक मुकाट्याने डबा फुटताना बघतं आणि घरी जाऊन सांगतं, की मिस्त्री प्रामाणिक आहे.

परवा अप्पांना नवी चेतक दाखवायला नेलं. जुनीचे कारखाने कधीच थांबले. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची आली आहे. अप्पांनी तिला दोन्ही हातांनी धरून थोडं हलवून पाहिलं, सवयीने. मग विक्रीच्या मुलाला विचारलं, ‘हिच्यात ऑइल कुठं टाकायचं?’

‘इंजिनच नाही काका. इंजिन ऑइल कशाला?’

अप्पांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, ‘मग हिला काय दुखायलं हे कळायचं कसं?’

मुलाने मोबाइलवर कळतं म्हणून सांगितलं. अप्पा घरी आले. फाटक उघडताना बिजागरी कुरकुरली. चहासुद्धा न घेता ते आत गेले, माळ्यावरून जुन्या चेतकच्या ऑइलचा डबा काढला, आणि पिसाने दोन थेंब बिजागरीवर सोडले. फाटक गप्प झालं. मी माझ्या गाडीच्या ऑइलची तारीख बघितली. अकरा दिवस होते.